फुटबॉलचा ज्ञानकोश

फुटबॉलच्या सामन्यात प्रेक्षकांचे डोळे चेंडूमागे धावतात, आणि चेंडू जाळ्यात शिरला की ज्याच्या पायाने तो शिरला त्याचे नाव सर्वतोमुखी होते. ज्याने तो शिरू दिला नाही, त्याचे नाव मात्र क्वचितच कोणी घेतो. बचावाच्या खेळाडूची अवस्था घराच्या पायासारखी असते. पाया भक्कम असेपर्यंत त्याची कोणास आठवण होत नाही. तो खचला म्हणजे मात्र सारा दोष त्याचाच. अशा उपेक्षित जागेवर उभे राहून त्या जागेचा अर्थच पालटून टाकणारा एक खेळाडू ब्राझीलमध्ये होऊन गेला. त्याचे नाव नील्टन सांतोस. त्याचे देशबांधव त्याला ‘फुटबॉलचा ज्ञानकोश’ म्हणत.

नील्टनचा जन्म १६ मे १९२५ रोजी रिओ द जानेरोच्या उपसागरातील गोव्हेर्नादोर या बेटावर झाला. लहानपणी तो आघाडीवर खेळे. गोल करणे हीच त्याची हौस होती. १९४८ मध्ये रिओच्या बोताफोगो या क्लबात त्याचा प्रवेश झाला आणि तेथे त्याला बचावाच्या फळीत उभे करण्यात आले. हा बदल त्याच्या मनाविरुद्ध असला, तरी पुढे तोच त्याच्या कीर्तीचे कारण ठरला. बोताफोगो हा त्याचा पहिला व्यावसायिक क्लब आणि तोच शेवटचा. १९६४ मध्ये खेळातून निवृत्त होईपर्यंत या एकाच क्लबाच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या सदऱ्यात तो सातशेहून अधिक सामने खेळला. पैशासाठी क्लब बदलणे हा ज्या व्यवसायाचा रिवाज, त्यात ही निष्ठा विरळाच म्हटली पाहिजे.

नील्टनने नेमके काय केले, हे समजण्यासाठी त्या काळचा फुलबॅक कसा खेळे ते पाहिले पाहिजे. प्रतिपक्षाचा कडेने धावणारा गडी अडवावा, त्याच्याजवळून चेंडू काढावा आणि तो जमेल तितका दूर भिरकावून द्यावा, एवढेच त्याचे काम. मैदानाची मध्यरेषा ही त्याची लक्ष्मणरेषा. ती ओलांडणे म्हणजे आपले घर उघडे टाकून जाणे, अशी शिक्षकांची समजूत होती. नील्टनच्या पायांत मात्र आघाडीच्या खेळाडूचे कसब शिल्लक होते. हिसकावलेला चेंडू तो भिरकावून देत नसे, तर स्वतःच तो घेऊन डाव्या कडेने पुढे निघे.

याचा परिणाम दुहेरी होई. आक्रमणात एक जादा गडी मिळे हे एक; आणि ज्या प्रतिस्पर्ध्याने त्याच्यावर चाल करून जायचे, त्यालाच आता त्याच्या मागे धावत आपल्या गोलाकडे परतावे लागे. हल्ला करणारा आपोआप पहारेकरी बने. ब्राझीलने त्या दशकात बचावाच्या फळीत चार गडी ठेवण्याची जी पद्धत रूढ केली, तिने हे धाडस शक्य झाले. एक जण पुढे गेला तरी उरलेले तिघे सरकून त्याची जागा राखू शकत. आज जगातील प्रत्येक मोठा संघ आपल्या फुलबॅककडून ही दोन्ही कामे अपेक्षितो. त्या काळी मात्र हा स्वैरपणा वाटे.

या स्वैरपणाची परीक्षा ८ जून १९५८ रोजी स्वीडनमधील उद्देवाला या गावी झाली. विश्वचषकाच्या स्पर्धेत ब्राझीलचा पहिला सामना ऑस्ट्रियाशी होता. नील्टन आपल्या बाजूकडून चेंडू घेऊन निघाला आणि मध्यरेषा ओलांडून पुढेच चालला. आख्यायिका अशी आहे की, शिक्षक फेओला बाकावरून ‘मागे फीर’ असे ओरडत राहिले, आणि चेंडू जाळ्यात गेल्यावर त्याच दमात ‘शाबास’ म्हणाले. शब्द कोणतेही असोत, गोल मात्र झाला. ब्राझीलने तो सामना ३–० असा जिंकला आणि २९ जून रोजी यजमान स्वीडनला ५–२ असे नमवून प्रथमच विश्वचषक मिळविला.

या विजयामागे जुन्या जखमा होत्या. १९५० ची स्पर्धा ब्राझीलमध्येच भरली होती. भारतालाही तीत स्थान मिळाले होते, परंतु भारतीय संघ गेला नाही. नील्टन ब्राझीलच्या संघात होता, पण त्याला एकही सामना खेळावयास मिळाला नाही. १६ जुलै रोजी माराकानाच्या अफाट क्रीडांगणावर उरुग्वेने यजमानांना २–१ असे हरविले, आणि तो पराभव राष्ट्रीय शोकाचा विषय झाला. १९५४ मध्ये बर्न येथे हंगेरीविरुद्धचा सामना हातघाईवर आला आणि हंगेरीच्या बोझिकबरोबर नील्टनलाही पंचांनी मैदानाबाहेर काढले. ज्ञानी म्हणविणाऱ्या खेळाडूलाही संयम शिकावा लागला होता.

त्याची पारख मात्र उपजतच असावी. १९५३ मध्ये वाकड्या पायांचा एक तरुण बोताफोगोत परीक्षा देण्यास आला. त्याला अडविण्याचे काम नील्टनकडे होते. त्या तरुणाने त्या नामांकित बचावपटूला चकवून सर्वांदेखत त्याची फजिती केली. दुसरा एखादा मानी खेळाडू रागावला असता. नील्टनने उलट, या मुलाला ताबडतोब करारबद्ध करा, असा आग्रह धरला. तो तरुण म्हणजे गारिंचा. ज्याने आपल्याला हरविले त्याला प्रतिपक्षात जाऊ देऊ नये, हा व्यवहार त्यात होताच. पण दुसऱ्याची गुणवत्ता खुल्या मनाने मानण्याचे औदार्यही होते.

१९६२ मध्ये चिलीतील स्पर्धेच्या वेळी नील्टन सदतीस वर्षांचा होता. पेले दुखापतीने जायबंदी झाला होता. ६ जून रोजी व्हिन्या देल मार येथे स्पेन एका गोलाने पुढे असताना नील्टनने स्पेनच्या कोय्यारला गोलासमोरील चौकटीच्या आत पाडले. नियमाप्रमाणे ही पेनल्टीच: बारा यार्डांवरून मोकळा फटका आणि समोर एकटा गोलरक्षक. पंच धावत येत असताना नील्टनने दोन पावले शांतपणे पुढे टाकली आणि तो रेषेबाहेर उभा राहिला. पंच फसले, त्यांनी साधी फ्रीकिक दिली. नंतर आमारिल्दोने दोन गोल केले आणि ब्राझील जिंकला. त्या दिवशी हार झाली असती, तर ब्राझीलचे भवितव्य ब्राझीलच्या हाती उरले नसते. १७ जून रोजी सांतियागो येथे चेकोस्लोव्हाकियाचा ३–१ असा पराभव करून ब्राझीलने विश्वचषक राखला.

ब्राझीलमध्ये ही दोन पावले चातुर्याची कथा म्हणून कौतुकाने सांगितली जातात. स्पेनच्या दृष्टीने तो उघड अन्याय होता, आणि तसे म्हणण्याचा स्पेनला पूर्ण अधिकार आहे. मोठ्या खेळाडूच्या चरित्रातून असा प्रसंग वगळणे सोपे असते, परंतु ते चरित्र मग खरे राहत नाही. १९५८ मध्ये रेषा ओलांडून त्याने खेळ समृद्ध केला. १९६२ मध्ये रेषा ओलांडून त्याने पंचांना फसविले. दोन्ही वेळी कामी आले ते मैदानाचे तेच सूक्ष्म ज्ञान. ज्ञान कशासाठी वापरावे, हे ज्ञानकोशात सांगितलेले नसते.

१९९८ मध्ये विसाव्या शतकातील सर्वोत्तम जागतिक संघ निवडण्यात आला, तेव्हा डाव्या फुलबॅकची जागा नील्टन सांतोसला मिळाली. २७ नोव्हेंबर २०१३ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, रिओ येथे त्याचे निधन झाले. २०१६ च्या ऑलिंपिकमधील धावण्याच्या शर्यती ज्या क्रीडांगणावर झाल्या, त्याला पूर्वी एका क्रीडा-प्रशासकाचे नाव होते. २०१७ मध्ये ते काढून तेथे नील्टन सांतोसचे नाव देण्यात आले. बोताफोगोचे सामने तेथेच होतात. ज्या क्लबाला त्याने आयुष्यातील सोळा वर्षे दिली, त्याचे खेळाडू आता त्याच्या नावाच्या दारातून मैदानात उतरतात.