तुळईपर्यंत मुरलेलं पाणी

गिरगावातल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीची जमीन सागवानी फळ्यांची होती. आजी ती घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायची आणि मग कोपऱ्याकोपऱ्यात तळवा टेकवून ओल राहिली नाही ना, ते बघायची. "फळीला पाणी दाखवायचं, पाजायचं नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. मोरीत मात्र लादी होती आणि तिथे पाणी वाहायचंच. मी नववीत असताना दुरुस्तीसाठी ती लादी उखडली. खालच्या तुळईचं टोक सुताराने चिमटीत धरलं, तर ते चहात बुडवलेल्या खारीसारखं गळून पडलं. लाकडी जमिनींचं माझं वेड तेव्हापासूनचं.

सध्या घरसजावटीत या जमिनींना पुन्हा बरे दिवस आले आहेत. चकचकीत पॉलिश मागे पडलं, तेल मुरवलेला मंद पोत आला. राखाडी छटा ओसरून मधाळ ओक आणि गडद अक्रोड परतले. फळ्या २०० मिलिमीटर आणि त्याहूनही रुंद झाल्या. पण सगळ्यात जास्त मागणी आहे ती माशाच्या काट्यासारख्या तिरप्या मांडणीला. पट्ट्या काटकोनात एकमेकींना अडवत गेल्या की ते हेरिंगबोन. टोकं तिरकी कापून मधोमध सरळ रेषेत जुळवली की शेव्हरॉन. पॅरिसच्या एकोणिसाव्या शतकातल्या घरांमध्ये ही दोन्ही आढळतात. तिथून माग काढत मी आणखी मागे, व्हर्सायच्या राजवाड्यापर्यंत गेले, आणि तिथे मला आमची मोरी भेटली.

राजवाड्यात वर संगमरवर आणि खाली लाकडी तुळया अशी रचना होती. संगमरवर सतत धुवावा लागे, पाणी सांध्यांतून झिरपे आणि तुळया कुजत. शेवटी १६८४ मध्ये संगमरवराच्या जागी ओकची जमीन बसवली गेली. आरसेमहाल पुरा झाला तेही हेच वर्ष. पाहुणे त्या ३५७ आरशांकडे बघत राहिले, पण एका माणसाची नजर पायाखाली गेली. हा डॅनियल क्रोनस्ट्रम, स्वीडनचा पॅरिसमधला प्रतिनिधी. स्टॉकहोममध्ये राजाचा वास्तुविशारद निकोडेमस टेसिन याला फ्रान्समध्ये काय नवं घडतंय हे कळवणं, नकाशे-चित्रं मिळवून देणं, कारागीर गाठून देणं, ही कामं तो करायचा. व्हर्सायच्या आणि तिथल्याच ग्रां त्रियानों महालाच्या लाकडी जमिनींतल्या तिरप्या चौकटींची १६९३ सालची नोंद त्याचीच. दोघांच्या पत्रव्यवहारातले उतारे १९६४ मध्ये स्टॉकहोमला पुस्तकरूपात निघाले. राजदरबाराच्या झगमगाटात जमिनीच्या सांध्यांविषयी लिहावंसं वाटणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

त्या चौकटी नीट पाहिल्या पाहिजेत. एकेक साधारण मीटरभर बाजूची. आत पट्ट्या चटईसारख्या एकमेकींखालून-वरून गेल्यासारख्या दिसतात. प्रत्यक्षात त्या कुसू-सालीने जोडून लाकडी खुंट्यांनी पक्क्या केलेल्या असतात. यात शोभा आहे, पण तिच्यामागे लाकडाचा स्वभाव ओळखणारी कारागिरी आहे. दमट हवेत लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. फळी जितकी रुंद, तितकी तिची सगळी हालचाल एका सांध्यावर येते. अरुंद तुकडे ती आपापसांत वाटून घेतात. म्हणून आजची रुंद फळीची हौस मला धाडसाची वाटते, विशेषतः मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात.

त्यावरचा आजचा तोडगा म्हणजे इंजिनिअर्ड लाकूड. वर खऱ्या लाकडाचा पातळ थर आणि खाली एकमेकांना आडवे चिकटवलेले थर. एकाचा फुगवटा दुसरा धरून ठेवतो. हा मला व्हर्सायच्या सुतारांचाच वारसा वाटतो. लॅमिनेटवर छापलेल्या हेरिंगबोनला मात्र मी तो मान देणार नाही. तिथे लाकडाचा फोटो असतो. ज्या सांध्यांसाठी ही रचना जन्मली ते सांधेच त्यात नसतात.

दुकानात नमुना हाती आला की मी आधी तो उलटा करते. मग कडेने वरचा थर बघते. तो चार मिलिमीटरचा असेल तर पुढे कधीतरी घासून जमीन पुन्हा नवी करता येते. अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर पहिला खोल ओरखडा कायमचा. त्यानंतर एकच प्रश्न विचारते : खालच्या काँक्रीटची ओल मोजणार का? परवा एका मैत्रिणीच्या घरी कारागिराने पट्ट्यांचा गठ्ठा सोडण्याआधी ओल मोजण्याचं यंत्र काढलं आणि ते खोलीच्या चारही कोपऱ्यांत टेकवत गेला. आजीचा तळवा असाच फिरायचा.