तंटा मिटवण्याच्या वाटा

मध्यस्थी : मध्यस्थ निकाल देत नाही, दोन्ही बाजूंना बोलते करतो. तोडगा पक्षकारांचाच. बोलणी गोपनीय.

• लवाद वेगळा. तो दोघांचे ऐकून निवाडा देतो.

• लोकअदालत : विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७. तडजोडीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच पक्का. त्यावर अपील नाही. प्रलंबित दाव्याची कोर्ट फी परत.

• प्रशिक्षण : सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी समितीचा मूळ अभ्यासक्रम ४० तासांचा. ऐकणे, प्रश्न विचारणे, प्रत्येक बाजूशी स्वतंत्र बैठक.

• गावात : महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम, १५ ऑगस्ट २००७ पासून. समिती ग्रामसभेत ठरते. बांध, शेतरस्ता, वाटणीचे वाद इथे येतात. गंभीर गुन्हे पोलिसांकडेच.