निसर्गचित्रातील मनुष्याकृती : अंतर आणि आदर

शिरपुराहून उत्तरेस पाहिले असता सातपुड्याची रांग दिसते. परंतु केवळ ती रांग रेखाटलेल्या चित्रावरून डोंगर किती उंच वा किती दूर, हे सांगणे कठीण. पायथ्याशी नखाएवढा एक गुराखी काढला की ते तत्काळ उमगते. मनुष्याच्या उंचीचा अंदाज प्रेक्षकास आधीच असतो व त्याच मापाने तो उरलेले चित्र मोजतो. बोलणारा कोठे उभा आहे हे कळल्याखेरीज ‘अलीकडे’, ‘पलीकडे’ ही पदे अर्थ देत नाहीत; गुराख्याचे कार्य पुष्कळसे याच जातीचे आहे. जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने १८०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वेरूळच्या दृश्यांत लहान आकृतींमुळेच लेण्यांची भव्यता प्रत्ययास येते.

हाच निकष अजिंठ्यास लावला म्हणजे घोटाळा होतो. सतराव्या लेण्यात यशोधरा व राहुल यांच्यासमोर उभा असलेला बुद्ध त्या दोघांहून कितीतरी मोठा आहे. ती दोघे दूर आहेत म्हणून लहान नाहीत. ती तर अगदी समोर आहेत. ‘गुरुजी आले’ या वाक्यातील बहुवचन संख्या सांगत नाही, आदर सांगते. येथील आकारमानही तसेच वाचावयास हवे. अजिंठ्याच्या चित्रकारांस यथार्थदर्शन ठाऊक नव्हते, असे विधान अजूनही कानी येते. त्यांनी रंगविलेले स्तंभयुक्त मंडप ज्याने लक्षपूर्वक पाहिले आहेत, तो असे म्हणण्यास धजणार नाही. (व्याकरणाचा हा दाखला फार ताणू नये, हेही खरे, चित्रास नकार नाही व काळही नाही.)

त्याच लेण्यातील छद्दन्त जातकात अरण्य आहे, परंतु ते कथेसाठी आहे. अजिंठ्यातील ठोकळ्यांसारखे खडक व वृक्ष पुष्कळदा एक प्रसंग संपून दुसरा आरंभल्याची खूण करतात. म्हणजे येथे निसर्गात माणूस घातलेला नसून माणसाभोवती निसर्ग आला आहे.

आधुनिक मराठी चित्रकारांपैकी ल. ना. तासकर यांची मंदिरे व तेथील माणसे या दृष्टीने अधिक अडचणीची आहेत. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेच्या परंपरेतील यथार्थदर्शन तेथे आहे. तथापि त्या माणसांस केवळ माप म्हणणे मला पटत नाही. वाक्यातील एखादे पद वगळून अर्थ कितपत बदलतो हे आपण पाहतो, तसे येथेही करावे. सातपुड्याच्या चित्रातील गुराखी हाताने झाकला तर अंतर जाते, डोंगर राहतो. तासकरांच्या चित्रातील माणसे झाकली, तर उरलेल्या देवळास प्रसंगच राहत नाही.