बुरशीचीं भांडीं

लोणच्यावर पांढरा थर दिसला कीं घरांतील वडील बायका बरणी निमूटपणें रिकामी करितात. तीच बुरशी कोणी मुद्दाम वाढवावयाची म्हटलें, तर भांडें कोणतें घ्यावें? १९४० सालीं ऑक्सफर्ड येथील संशोधकांस हा प्रश्न पडला होता. पेनिसिलीनची हकीकत फ्लेमिंगच्या बशीपाशीं संपविण्याची वहिवाट आहे. आमच्या मतें खरी अडचण तेथून पुढची आहे.

२५ मे १९४० रोजीं हॉवर्ड फ्लोरी यांनीं आठ उंदरांस घातक जंतु टोचले व चौघांस पेनिसिलीन दिलें. दुसऱ्या दिवशीं उजाडतां उजाडतां औषध न मिळालेले चारहि मेले. दुसरे चार जिवंत होते. परंतु मनुष्य उंदराच्या सुमारें ३,००० पट जड. तेवढें औषध आणावयाचें कोठून?

ही बुरशी द्रवाच्या पृष्ठभागीं, हवा लागेल तेथेंच वाढे. तेव्हां भांडें उथळ व पसरट हवें. त्यास वाफेची आंच सोसली पाहिजे, आणि खालचा रस काढून नवा भरतां आला पाहिजे. युद्धामुळें सामानाची टंचाई. नॉर्मन हीटली यांनीं बाटल्या, डबे, तबकें, सर्व कांहीं वापरून पाहिलें. सर्वांत सोयीचें ठरलें तें रॅडक्लिफ इन्फर्मरी या रुग्णालयांतील जुन्या घडणीचें शौचपात्र! सोंवळें पाळणाऱ्या वाचकांनीं नाक मुरडूं नये. त्या पात्रानें पुढें अनेकांचे प्राण राखण्याची वाट दाखविली. त्याच धर्तीवर हीटलींनीं नवें भांडें आंखलें आणि बर्स्लेमच्या कुंभारांकडून तें चिनी मातीचें घडवून घेतलें. २३ डिसेंबर १९४० रोजीं उसन्या मोटारींतून १७४ भांडीं त्यांनीं स्वतः आणिलीं, आणि नाताळच्या दिवशीं, सुट्टी न घेतां, त्यांत बुरशीचें बीं पेरलें. रसांतून औषध वेगळें काढण्याचें यंत्रहि असेंच जोडलेलें. त्याचा सांगाडा म्हणजे ग्रंथालयानें टाकून दिलेलें पुस्तकांचें कपाट.

१२ फेब्रुवारी १९४१ रोजीं त्या रुग्णालयांत आल्बर्ट आलेक्झांडर या पोलीस शिपायास तें टोचलें. विषारी पुवानें त्याचा चेहरा व्यापला होता; एक डोळा काढावा लागला होता. एका दिवसांत उतार पडला. मूत्रावाटें बाहेर पडणारें औषधहि प्रयोगशाळेंत नेऊन पुन्हा गाळून घेत. तरी पांच दिवसांत सांठा संपला. १५ मार्च रोजीं तो वारला.

पुढें रोगी निवडतांना लहान मुलांकडे अधिक लक्ष देण्यांत आलें. अंगानें लहान, म्हणून औषध थोडें लागे.