पुष्कळ की लवकर?

समजा, रांजणगावच्या एस.टी. थांब्यावर कुणी एक टेराबाइटची डिस्क घेऊन बसमध्ये चढले. पुणे तिथून सुमारे ५० किलोमीटर. दीड तास, म्हणजे ५४०० सेकंद लागले असे धरू. एक टेराबाइट म्हणजे ८ लाख कोटी बिट. भागाकार केला तर दर सेकंदाला सुमारे १४८ कोटी बिट पुण्याला पोहोचले. घरातल्या बहुतेक इंटरनेट जोडण्या इतकी माहिती वाहून नेत नाहीत. मात्र पहिला बिट हाती पडायलाही दीड तास लागला.

दर सेकंदाला पोहोचणाऱ्या माहितीला थ्रूपुट म्हणतात. निरोप निघाल्यापासून पोहोचेपर्यंतचा वेळ म्हणजे विलंब. या दोहोंचे नाते बिनतारी जाळ्यात मोठे मजेदार असते.

भाद्रपदात महागणपतीच्या दर्शनाला गर्दी लोटली आहे आणि मोबाइलचा टॉवर बंद पडला आहे, अशी कल्पना करा. आता फोननी एकमेकांमार्फतच निरोप पोहोचवायचे. एक फोन बोलत असताना आसपासच्यांनी गप्प राहायला हवे, नाहीतर लहरी एकमेकींत मिसळतात. म्हणून प्रत्येकाने हळू बोलून फक्त शेजाऱ्याला निरोप द्यायचा. १०० फोन १०-१०च्या रांगांत असतील तर एका टोकाचा निरोप दुसऱ्या टोकाला जायला सुमारे १० टप्पे लागतील. १०,००० फोन असतील तर १००. फोन १०० पट झाले, एकाच वेळी चालणारी संभाषणेही १०० पट झाली; पण प्रत्येक निरोपाला टप्पे १० पट लागू लागले. म्हणून प्रत्येकाचा वाटा दहाव्या हिश्शावर आला. गर्दी वाढली की वाटा असाच घटतो, हे पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी २००० साली गणिताने दाखवले.

मग मोठ्याने बोलले तर? पल्ला दुप्पट केला की टप्पे निम्मे होतात, विलंबही निम्मा. पण गप्प बसवलेले क्षेत्र चौपट होते, म्हणून थ्रूपुटही निम्मे होते.

ग्रॉसग्लाउझर आणि त्से यांनी २००२ साली वेगळी वाट दाखवली. माणसे हिंडत असतात. निरोप शेजाऱ्याकडे द्यावा. हिंडता हिंडता तो योग्य व्यक्तीजवळ आला की त्याने तो सोपवावा. टप्पे दोनच, त्यामुळे गर्दी वाढली तरी वाटा घटत नाही. पण ही गाठ कधी पडेल? गर्दी जितकी मोठी, तितकी प्रतीक्षा लांबते. आपल्या एस.टी.तल्या डिस्कसारखेच हे. कर्नाटकात दोड्डबळ्ळापुर भागात २००३च्या सुमारास 'डाकनेट' प्रयोगात बसवर बिनतारी यंत्र बसवून गावोगावची माहिती खरोखरच अशी गोळा केली जात असे.

जत्रेचे फोटो रात्री पोहोचले तरी चालतील. ताटातूट झालेल्या मुलाचा निरोप मात्र चार शब्दांचाच असतो, आणि तो आत्ताच पोहोचायला हवा. म्हणून 'कोणते जाळे चांगले?' असे विचारण्याआधी 'कोणत्या निरोपासाठी?' असे विचारावे लागते.

वर्गाला मैदानावर नेऊन चिठ्ठ्यांचा हा खेळ जरूर खेळून पाहा: एकदा रांगेत उभे राहून, एकदा हिंडत. घड्याळ लावा आणि चिठ्ठ्याही मोजा.