भिंतीवरचे बिऱ्हाड

जुन्या घरात माणूस एकटा कधीच राहत नाही. तुळयांच्या सांध्यांत, कौलांखाली, तसबिरींच्या मागे कोणाचे ना कोणाचे बिऱ्हाड असतेच. या बिनभाड्याच्या बिऱ्हाडकरूंपैकी सर्वांत परिचित, आणि तरीही सर्वांत तिरस्कृत, प्राणी म्हणजे पाल.

तिच्याविषयीच्या समजुती प्रांतोप्रांती वेगळ्या आहेत. मराठी माणसाच्या मनात शंका आली की तेथे पाल चुकचुकते; उलट बंगालमध्ये बोलता बोलता टिकटिकीचा आवाज झाला, तर ती ‘ठीक ठीक’ म्हणाली असे समजून ते बोलणे खरे मानतात. पंचांगात पल्लीपतनाची शुभाशुभ फळे छापलेली आढळतात. कांचीपुरमच्या वरदराज मंदिरात सोनेरी व रुपेरी पालींना भाविक स्पर्श करतात. वस्तुतः पालीचा आवाज माणसासाठी नसतोच. आपली हद्द सांगणे आणि जोडीदारास साद घालणे हे त्याचे प्रयोजन.

पाल विषारी असते, हा समज मात्र सर्वत्र सारखाच आहे, आणि तो खोटा आहे. भारतातील कोणत्याही घरपालीला विषग्रंथी नसतात. दुधात पाल पडली तर ते दूध टाकून द्यावे हे खरे. पण त्याचे कारण विष नव्हे, तर तिच्या विष्ठेतून व अंगावरून येणारे साल्मोनेलासारखे रोगजंतू होत.

ती छतावर उलटी चालते, पण तिच्या पायांना चिकट द्रव नसतो. बोटांच्या तळाशी अतिसूक्ष्म केसांचे दाट थर असतात. अशा एका केसाची पकड इ. स. २००० मध्ये शास्त्रज्ञांनी मोजली, आणि रेणूंमधील क्षीण आकर्षणातून ती निर्माण होते, हे २००२ साली दाखवून दिले.

शेपटी तुटण्याची सोयही उपजतच. मणक्यांत आधीपासून दुर्बळ जागा असतात. तेथून शेपूट सुटते, वळवळत शत्रूचे लक्ष वेधते, आणि पाल निसटते. नवी शेपूट फुटते, पण तीत मणक्यांऐवजी कूर्चेचा दांडा असतो. शेपटीत चरबीचा साठा असल्यामुळे केरसुणीच्या एका फटक्याने पालीची अडीअडचणीची शिदोरीच नाहीशी होते.

दिव्याभोवती जमणारे पतंग, डास, लहान झुरळे हे तिचे अन्न. कीटकनाशकाच्या फवाऱ्याने ते अन्न संपते, आणि विष खाल्लेले कीटक तिच्याही पोटात जातात. त्यापेक्षा अन्न झाकून ठेवावे, चुलीजवळच्या फटी बुजवाव्यात आणि ओट्यावरचा दिवा विनाकारण जळता ठेवू नये. किडे नसतील तेथे पाल फिरकत नाही. उरलेली भिंत मात्र तिला खुशाल राहू द्यावी. तेथे ती घराचेच काम करीत असते.