सारणी (विदागार)

सारणी म्हणजेच टेबल ही संबंधात्मक विदागारात माहिती साठवण्याची मूलभूत रचना होय. सारणीत एकाच प्रकारच्या वस्तूंची माहिती ओळी आणि स्तंभ यांत मांडलेली असते. प्रत्येक ओळ ही एका वस्तूची नोंद असते, तर प्रत्येक स्तंभ त्या वस्तूचा एक गुणधर्म दर्शवतो. या पद्धतीचा पाया आयबीएम कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात घातला.

रचना

कागदावरील तक्त्याच्या रकान्यात काहीही लिहिता येते. विदागारातील सारणीत मात्र प्रत्येक स्तंभाचे नाव व विदाप्रकार आधीच ठरवलेला असतो. अंतराचा स्तंभ संख्येसाठी असेल, तर तेथे मजकूर स्वीकारला जात नाही. सारणीतील ओळींना अंगभूत क्रम नसतो. क्रम महत्त्वाचा असल्यास त्यासाठी स्वतंत्र स्तंभ ठेवावा लागतो.

उदाहरण

देशातील पहिली किसान रेल्वे ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली कॅम्पजवळील देवळाली स्थानकातून बिहारमधील दानापूरकडे निघाली. हे अंतर १,५१९ किलोमीटर होते. तिच्या मार्गावरील काही स्थानकांची सारणी पुढीलप्रमाणे मांडता येईल:

| संकेत | नाव | राज्य |
|---|---|---|
| डीव्हीएल | देवळाली | महाराष्ट्र |
| एनके | नाशिक रोड | महाराष्ट्र |
| ईटी | इटारसी | मध्य प्रदेश |
| डीएनआर | दानापूर | बिहार |

प्राथमिक कळ

प्रत्येक ओळ नेमकी ओळखू येईल अशा स्तंभास *प्राथमिक कळ* म्हणतात. तिचे मूल्य दोन ओळींत सारखे असू शकत नाही, तसेच ते रिक्तही ठेवता येत नाही. गावाचे नाव या कामी भरवशाचे नसते. देवळाली नाशिकजवळ आहे, तशीच राहुरी तालुक्यात देवळाली प्रवरा आहे. केवळ नावावर विसंबल्यास एका ठिकाणचा माल दुसऱ्या ठिकाणच्या नावे नोंदला जाऊ शकतो. म्हणून वरील सारणीत स्थानक संकेत ही प्राथमिक कळ आहे.

परकीय कळ

एक गाडी अनेक स्थानकांवर थांबते आणि एका स्थानकावर अनेक गाड्या थांबतात. हा संबंध दाखवण्यासाठी ‘थांबे’ ही तिसरी सारणी करतात. तिच्या प्रत्येक ओळीत गाडी क्रमांक, थांब्याचा अनुक्रम आणि स्थानक संकेत असतो. येथील संकेत ‘स्थानके’ सारणीकडे निर्देश करतो. त्यास *परकीय कळ* म्हणतात. ‘स्थानके’ सारणीत नसलेला संकेत ‘थांबे’ सारणीत भरू लागल्यास विदागार ती नोंद नाकारतो.

हेच थांबे ‘थांबा १’, ‘थांबा २’ अशा स्तंभांत ठेवले, तर मार्ग वाढताच सारणीची रचना बदलावी लागते. ही गाडी पुढे मुजफ्फरपूरपर्यंत वाढवण्यात आली. अशा वेळी स्वतंत्र सारणीत केवळ नव्या ओळींची भर घालावी लागते.

कळ निवडताना

व्यवहारातील संकेतही कायमचे नसतात. या मार्गावरील मुगलसराय स्थानकास २०१८ साली पंडित दीनदयाळ उपाध्याय यांचे नाव देण्यात आले व त्याचा संकेत एमजीएसऐवजी डीडीयू झाला. संकेत हीच कळ असल्यास असा बदल तिचा निर्देश करणाऱ्या प्रत्येक ओळीत करावा लागतो. त्यामुळे अनेक विदागारांत अर्थनिरपेक्ष अनुक्रमांक प्राथमिक कळ म्हणून वापरतात आणि संकेत व नाव हे सामान्य स्तंभ ठेवतात. मग स्थानकाचे नाव व संकेत एकाच ओळीत दुरुस्त केले, तरी त्याच्याशी जोडलेल्या जुन्या नोंदी अबाधित राहतात.